नळीच्या हाडाचा अस्थिभंग (घोडा)

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्यापासून आणि मागच्या पायात टाचेच्या सांध्यापासून खाली उतरणारे जाड हाड म्हणजे नळी. पुढच्या पायातली नळी माणसाच्या तळहातातल्या मधल्या बोटाच्या हाडाशी जुळते; शेजारच्या दोन बोटांची हाडे तिच्या कडेला बारीक काड्यांसारखी उरली आहेत. सुमारे 500 किलोचे जनावर या नळ्यांवर धावते. नळीवर मांस नाही, कंडरा आणि कातडीच. त्यामुळे मोडलेले टोक सहज बाहेर येते आणि तुटपुंज्या रक्तपुरवठ्यामुळे हाड सावकाश जुळते.

पूर्ण मोडलेला पाय लोंबतो, तो ओळखायला वेळ लागत नाही. केसाएवढी चीर मात्र फसवते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ती पुष्कळदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी चिरेच्या कडा विरघळू लागल्या की उमटते. तोवर घोडा तबेल्यातच ठेवावा लागतो. लंगडण्याची जागा शोधण्यासाठी पायातल्या नसा बधिर करण्याची पद्धत आहे, पण हाड मोडल्याचा संशय असताना ती धोक्याची: दुखणे थांबलेला घोडा त्याच पायावर पूर्ण भार टाकतो आणि चीर वाढून हाडाचे दोन तुकडे होतात.

मोडलेल्या पायाला जागेवरच कापसाचे जाड थर आणि फळ्या बांधल्याशिवाय घोडा हलवू नये. पुढचे बरेचसे या पहिल्या तासावर ठरते. नळीच्या खालच्या टोकाची साधी चीर स्क्रूने आवळली तर अनेक घोडे पुन्हा धावतात. चुरा झाला तर गोष्ट वेगळी.

भुलीतून जागे होणे हीही मोठी परीक्षा. 1975 मध्ये बेलमाँट मैदानावरच्या शर्यतीत पाय मोडलेली रफियन ही घोडी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना बेफाम पाय झाडू लागली, पाय पुन्हा निकामी झाला आणि तिला मरण द्यावे लागले. म्हणूनच 20 मे 2006 रोजी प्रीकनेस शर्यतीत उजवा मागचा पाय वीसहून अधिक ठिकाणी मोडलेल्या बार्बारो या घोड्याला पेनसिल्व्हेनियातील न्यू बोल्टन सेंटर या पशुरुग्णालयात पाण्याच्या कुंडात, तराफ्यावर तरंगत ठेवून जागे केले. शल्यचिकित्सक डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि स्क्रू घालून तो पाय सांधला होता.

जुलैत बार्बारोचा डावा, धड पाय बिघडला. सतत त्याच पायावर भार पडून खुराच्या आतल्या पापुद्र्यांना दाह झाला. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. त्या खुराची बहुतेक भिंत काढावी लागली आणि 29 जानेवारी 2007 रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आले. तेव्हापासूनच नव्हे, त्याआधीपासूनही जाणते पशुवैद्य प्लास्टरमधल्या पायाइतकीच जोडीच्या धड पायाची काळजी घेतात: खुराला आधाराचा नाल, खाली मऊ अंथरूण, आणि रोज हात लावून खूर गरम तर नाही ना, नाडी उडते का, हे पाहणे.