नंदेसरीचा कामगार आणि त्याच्या हक्काचे रुग्णालय

बडोद्याहून अहमदाबादकडे जाणारी संथ गाडी पकडली की बाजवा, रणोली आणि मग नंदेसरी अशी स्थानके एकामागून एक येतात. नंदेसरीनंतर महीचा पूल जवळ येतो आणि प्रवासी खिडकीशी सरसावतो. नदीकडे पाहण्याच्या या घाईत नंदेसरी मागे पडते. आपल्या मराठी कुटुंबांच्या बडोद्याविषयीच्या आठवणींचेही काहीसे असेच झाले आहे. लक्ष्मीविलास, न्यायमंदिर, सुरसागर, दांडिया बाजारातील वाडे आणि गणेशोत्सवातील व्याख्याने यांविषयी आपण भरभरून बोलतो. पण शहराच्या उत्तरेला वसलेल्या कारखान्यांचा विषय निघाला की आपले बोलणे आटोपते होते. वस्तुतः गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्यातील कितीतरी घरांची चूल संस्थानच्या निवृत्तिवेतनावर नव्हे, तर कारखान्याच्या पगारावर पेटली आहे. म्हणून कामगाराच्या औषधोपचाराचा इतिहास हा आपल्याही घराचा इतिहास आहे, असे आम्ही मानतो.

बडोद्यात आधुनिक वैद्यक आले ते राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीतून. १८८६ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते ज्या रुग्णालयाची कोनशिला बसली, तेच पुढे विस्तारत जाऊन आजचे सर सयाजीराव जनरल रुग्णालय झाले. डॉ. भालचंद्र भाटवडेकरांसारख्या मराठी डॉक्टरांनी संस्थानच्या वैद्यकीय खात्याची धुरा वाहिली. १९४९ साली, म्हणजे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्याच वर्षी, बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या भिंतींवर आपल्या लोकांचा जीव आहे आणि तो असणे योग्यच आहे. परंतु या परंपरेचा पाया दातृत्वाचा होता. रोगी दारात येत असे आणि दाता त्याच्यावर उपचार करीत असे. रोग्याच्या हाती कृतज्ञतेवाचून दुसरे काही नव्हते.

कलाभवनाची गोष्ट थोडी निराळी. १८९० साली सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर. त्यांचे शिष्य प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या साहाय्याने १९०७ साली अलेम्बिक केमिकल वर्क्स उभे राहिले. रसायनांच्या उद्योगाची बडोद्यातील मुळे इथपर्यंत पोचतात. १९६२ साली गुजरात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग खतांचा आणि पेट्रोरसायनांचा कारखाना आला. या मोठ्या झाडांच्या सावलीत नंदेसरीची वसाहत वाढली. रंगद्रव्यांची मध्यद्रव्ये, औषधांचा कच्चा माल, आम्ले असे माल करणारे लहानमोठे कारखाने तेथे आले. त्यांचे सांडपाणी महीत न जाता समुद्राकडे जावे म्हणून सुमारे छपन्न किलोमीटर लांबीचा कालवा बांधण्यात आला व तो १९८३ साली वापरात आला. याच महीच्या काठी फाजलपूर, रायका, दोडका येथील विहिरींतून आपल्या शहराचे पिण्याचे पाणी येते. शहराचे पाणी आणि कारखान्याचे पाणी एकमेकांच्या इतके शेजारी आहेत, याची आठवण नळ सोडताना आपल्याला होत नाही.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. १९४३ च्या मार्च महिन्यात भारत सरकारने औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर या मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल नुकताच, १९४२ च्या अखेरीस, प्रसिद्ध झाला होता. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ सालीच आजारपणाच्या विम्याचा कायदा केला होता. आपल्याकडे मात्र शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये या विषयाकडे लक्ष वेधूनही बारा वर्षे तशीच गेली होती. आडारकरांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, त्यात फेरफार झाले, आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. कानपूर आणि दिल्ली मिळून तेव्हा सुमारे एक लाख वीस हजार कामगार तिच्यात आले. १९५४ साली ती नागपूर आणि मुंबईत पोचली, गुजरातेत १९६४ साली.

या योजनेचे मर्म तिच्या हिशोबात आहे. कामगाराच्या वेतनातून काही भाग कापला जातो, त्याहून मोठा भाग मालक भरतो, आणि औषधोपचाराच्या खर्चाचा काही वाटा राज्यसरकार उचलते. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा ठरला. वेतनाची मर्यादा २०१७ पासून एकवीस हजार रुपये झाली. याच्या मोबदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. आजारपणात ठरावीक दिवस वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, क्षयासारख्या दीर्घ आजारात अधिक काळ आधार मिळतो, आणि कामावर अपघात झाल्यास निर्वाहभत्ता मिळतो. म्हणजे या दवाखान्याच्या दारात येणारा रोगी हात पसरून येत नाही. त्याने आधीच पैसे भरलेले असतात.

आमच्या लहानपणी शेजारचे एक काका औषधांच्या कारखान्यात नोकरीला होते. विम्याचे ओळखपत्र ते रेशनकार्डाबरोबर देवघराच्या फळीवर, फडक्यात गुंडाळून ठेवीत. घरात कोणाला ताप आला की फडके सोडले जाई. रांग मोठी असे, औषधाची बाटली घरून न्यावी लागे, आणि कधी कधी ‘हे औषध संपले आहे’ एवढेच ऐकून परतावे लागे. काकू कुरकुरत. काका म्हणत, ‘माझ्या पगारातून कापलेत, मी का नाही जायचं?’ त्यांच्या या प्रश्नात आडारकरांचा अवघा अहवाल सामावला होता, हे आम्हाला फार उशिरा उमगले. बढती मिळून वेतन मर्यादेपलीकडे गेले तेव्हा ते ओळखपत्र बाद झाले. घरात आनंद झाला, पण काका मात्र दोन दिवस गप्प होते.

रुग्णालये उभी राहिली तरी त्यांत डॉक्टर टिकेनात, ही या योजनेची जुनी दुखरी नस आहे. त्यावर उपाय म्हणून स्वतःचीच वैद्यकीय महाविद्यालये काढावीत हा विचार पुढे आला आणि २०१० च्या दुरुस्तीने महामंडळाला तसा अधिकार मिळाला. बंगळूरचे राजाजीनगर, चेन्नईचे के. के. नगर, कोलकात्याचे जोका, आपल्या सोलापूरच्या शेजारचे कलबुर्गी, फरीदाबाद, हैदराबादचे सनतनगर अशी महाविद्यालये सुरू झाली. त्यांतील काही जागा विमाधारकांच्या मुलामुलींसाठी राखल्या गेल्या. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची मुलगी त्याच्याच वर्गणीतून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात डॉक्टर व्हावी, ही कल्पना निश्चितच मोठी आहे.

तिला विरोधही झाला, आणि तो सर्वस्वी चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आजाऱ्यासाठी जमवलेला पैसा इमारतींत आणि वसतिगृहांत का घालावा, शिक्षण हे सरकारचे काम नव्हे काय, असे प्रश्न विचारले गेले. २०१५ च्या सुमारास महामंडळाने वैद्यकीय शिक्षणातून अंग काढून घेण्याचे ठरविलेही होते. पुढे तो विचार मागे पडला. २०२४ साली दहा नव्या महाविद्यालयांना तत्त्वतः मान्यता मिळाली. त्यांत मुंबईचे अंधेरी आहे आणि गुजरातेतील नरोडा-बापूनगरही आहे. अंधेरीच्या याच कामगार रुग्णालयाला डिसेंबर २०१८ मध्ये आग लागून रुग्ण दगावले होते, हेही विसरता येत नाही. नंदेसरीच्या कामगाराला मात्र आजही बडोद्याच्या गोत्री भागातील विमा रुग्णालयाकडे किंवा सयाजीराव रुग्णालयाकडे पाहावे लागते.

आमच्या मते या वादाचे उत्तर इमारतीत नसून अभ्यासक्रमात आहे. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? हा प्रश्न जेथे विचारला जात नाही, तेथे नंदेसरीचा रोग ओळखू येत नाही. नायट्रो आणि अमिनो जातीची मध्यद्रव्ये त्वचेवाटेही शरीरात जातात, रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, ओठ निळसर पडतात. घाईतला डॉक्टर त्याला दमा किंवा अशक्तपणा म्हणून मोकळा होईल. क्रोमियमच्या संयुगांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते. व्यावसायिक रोगांची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. पण निदानच झाले नाही तर ती यादी कागदावरच राहते आणि भरपाईचा हक्कही तिच्याबरोबर निजतो. ज्या महाविद्यालयातील विद्यार्थी रोज अशाच कामगारांना तपासतो, त्याला हा प्रश्न विचारण्याची सवय लागेल. तशी सवय लागली तरच कामगाराचा पैसा कामगाराच्या कामी आला असे म्हणता येईल.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. मही ओलांडून पश्चिमेला गेले की खंभात लागते. तेथील अकीक घासणारे कारागीर दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होऊन खंगतात. ते घरी बसून काम करतात, त्यांना हजेरीपट नाही, म्हणून विम्याचे छत्र त्यांच्या डोक्यावर आले नाही. कारखान्याच्या फाटकाआड ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुराचे नाव पटावर चढले नाही, तर त्याचीही गत हीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षेची नवी संहिता लागू होऊन १९४८ च्या कायद्याची जागा तिने घेतली. छत्राची कड किती पुढे सरकली, हे नंदेसरीच्या फाटकापाशी उभे राहूनच मोजावे लागेल.

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. जे दान होते ते त्यांनी रयतेचा हक्क करून दाखविले. त्यांच्या नावाचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या समाजाने कामगाराच्या आरोग्याकडेही याच नजरेने पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे. आणि एक छोटे काम घरोघरी करता येईल. आपल्या वडिलांनी, काकांनी, मामांनी कोणत्या खात्यात, कोणत्या रसायनाशेजारी किती वर्षे काढली आणि शेवटी त्यांना कोणता आजार झाला, हे घरातील जाणती माणसे आहेत तोवर लिहून ठेवावे. वाड्यांच्या वंशावळी आपण जपल्या. या नोंदी कोणीच जपलेल्या नाहीत.