पतव्यवहार व बक्षीसगुण, खानदेशातील

उधारीवर खरेदी करणाऱ्यास त्या खरेदीबद्दल मिळणारी सूट, रोख परतावा किंवा प्रवासाची सवलत यांना पतव्यवहारातील बक्षिसी म्हणता येईल. क्रेडिट कार्डावरील खर्चाच्या प्रमाणात जमा होणारे बक्षीसगुण, म्हणजे बोलीभाषेतील रिवॉर्ड पॉइंट, आणि विमानकंपन्यांचे मैल ही तिची आधुनिक रूपे होत. जळगाव, धुळे व नंदुरबार हे आजचे तीन जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात ही रूपे अलीकडची असली, तरी पतीचे मोल करण्याची व त्या मोलातून प्रवास सुकर करण्याची रीत तेथे जुनी आहे. हुंडीपासून कार्डापर्यंतच्या या वाटचालीत एक प्रश्न कायम राहिला आहे : बक्षीस कोणास मिळते आणि त्याची किंमत कोण देतो ?

हुंडी व हुंडणावळ : मराठेशाहीच्या उत्तरकाळात व ब्रिटिश अंमलाच्या आरंभी (१८१८) खानदेशातून रोकड नेणे जोखमीचे होते. सातपुडा व सातमाळा या डोंगररांगांतील घाटवाटा असुरक्षित होत्या. बंदोबस्तासाठी १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. अशा परिस्थितीत व्यापारी व यात्रेकरू रोकडीऐवजी हुंडी बाळगीत. आपल्या गावच्या पेढीवर पैसे भरावयाचे, तेथील सावकाराची चिठ्ठी घ्यावयाची व मुक्कामाच्या गावी त्याच्या आडत्याकडून रक्कम उचलावयाची, असा हा व्यवहार होता. सादर करताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी व ठराविक दिवसांनी मिळत ती मुदती हुंडी होय. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात ओळखीच्या असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच मिळत. त्यामुळे चोरीची हुंडी वटविणे कठीण होई. लबाडी टाळण्यासाठी हुंडीत रकमेबरोबर तिचे निमे सांगून त्याची दुप्पट, अशीही नोंद करीत. मूळ हुंडी गहाळ झाल्यास तिच्याऐवजी पैठ व तीही हरवल्यास परपैठ देण्याची प्रथा होती.

या सेवेबद्दल पेढी हुंडणावळ घेई. मात्र तिचा दर स्थिर नसे. दोन गावांमध्ये पैशाची ओढ ज्या बाजूस असेल, त्यानुसार हुंडी चढाने, समभावाने किंवा वटावाने मिळे. दिवाळीनंतर खानदेशचा कापूस मुंबईकडे जाऊ लागला, की कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्यांस खानदेशात रोकड लागे आणि त्यांचे येणे मुंबईत साठलेले असे. साहजिकच ते मुंबईवरील हुंड्या विकून स्थानिक रोकड उभी करीत. अशा हंगामात मुंबईस जाणाऱ्यास रोख पैसे देऊन हुंडी वटावाने घेता येई, म्हणजे शंभर रुपयांची हुंडी शंभराहून कमी रकमेत पदरात पडे. व्यापाराची दिशा व हंगाम यांची जाण असलेल्यास प्रवासातच लाभ होई. आज कार्डधारक गुणांचे मोल वाढविण्यासाठी जे हिशेब करतो, त्यांचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट हा कायदा १८८१ मध्ये झाला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांबाबत स्थानिक रूढी अबाधित ठेवण्यात आल्या. हुंडीचा आधार मुख्यतः पेढीच्या नावात होता. मुदतीस हुंडी न स्वीकारणाऱ्या पेढीची पत बाजारात तत्काळ घसरे. उलटपक्षी मुदत पाळणाऱ्याची हुंडी सहज खपे व त्यास स्वस्त दराने पैसा मिळे. अशा रीतीने जुन्या पतव्यवस्थेतील खरे बक्षीस वेळेवर फेडीचे होते.

कापूस, लोहमार्ग व सावकारी : एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला लोहमार्ग खानदेशातून गेला. १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला, आणि नागपूर व जबलपूर या दोन्ही वाटा जेथे फुटतात ते भुसावळ मोठे प्रस्थानक बनले. याच सुमारास अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला व हिंदी कापसाचे भाव भडकले. मुंबईत पैशाचा पूर आला व उधारीवर सट्टा वाढला. युद्ध संपताच भाव कोसळले, १८६५ च्या मध्यास मुंबईच्या शेअर बाजारात दिवाळे वाजले व पुढे बँक ऑफ बाँबे बुडाली. ज्या नावावर पत उभी असते ते नाव बुडाले, की तिच्यावर आधारलेले कागद व सवलती निरर्थक ठरतात, असा या घटनेचा धडा होता.

तेजीच्या काळात शेतकऱ्यासही उधारी सहज मिळू लागली. मंदी येताच तिचे व्याज त्यास जड झाले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. खानदेश या दंग्यांचे मुख्य केंद्र नव्हता. तथापि बागायतदार व व्यापारी यांना स्वस्त पत आणि कोरडवाहू शेतकरी व आदिवासी यांना महाग पत, ही विषमता तेथेही होती. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डरची सेवा आपल्याकडे घेतल्यावर लहान रकमा पाठविण्यासाठी हुंडीची निकड कमी झाली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सावकारीस पर्याय उभा राहू लागला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे विभाजन होऊन जळगाव व धुळे ही अनुक्रमे मुख्य ठाणी झाली. दोन्ही जिल्ह्यांत पुढे सहकारी पतपुरवठ्याचे जाळे वाढले.

क्रेडिट कार्डाचा उदय : नियमित गिऱ्हाइकास खरेदीच्या प्रमाणात बक्षीस देण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेत रूढ झाली. स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ पासून दुकानदारांमार्फत वाटलेली हिरवी तिकिटे वहीत चिकटवून त्यांच्या मोबदल्यात वस्तू मिळत. १९५० मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने प्रवासाच्या अंतरानुसार मैल देणारी योजना सुरू केली व १९८७ मध्ये सिटीबँकेच्या सहकार्याने तिचे कार्ड निघाले. त्यामुळे विमानात न बसताही किराणा किंवा कपडे घेऊन मैल मिळविता येऊ लागले.

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये कार्ड काढले. १९९० नंतर परदेशी व खाजगी बँकांनी हा व्यवहार वाढविला. भारतीय स्टेट बँकेने १९९८ मध्ये जीई कॅपिटल कंपनीच्या सहकार्याने स्वतंत्र कार्डकंपनी काढली. २०१२ मध्ये रूपे ही देशी प्रणाली आली. सप्टेंबर २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय झाल्याने भाजीविक्रेत्याच्या क्यूआर फलकावरही उधारीची खरेदी शक्य झाली. मोठ्या शहरांतील दुकानांपुरते असलेले कार्ड यामुळे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या बाजारपेठेत पोहोचले.

गुणांचा उगम व हिशेब : कार्डाने पैसे घेणाऱ्या दुकानदाराकडून विक्रीच्या रकमेवर वटाव कापला जातो. त्याचा मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो व त्यातूनच गुणांचा खर्च भागविला जातो. वार्षिक शुल्क आणि थकबाकीवरील व्याज ही बँकेची इतर उत्पन्ने होत. म्हणजे गुण ही बँकेची देणगी नसून दुकानदार व थकबाकीदार यांच्याकडून आलेल्या पैशाचा तो वाटा असतो. जळगावच्या प्रसिद्ध सराफ बाजाराचे उदाहरण बोलके आहे. सोन्याच्या किमतीच्या मानाने सराफाच्या नफ्याचे प्रमाण लहान असल्याने शेकडा दीड-दोन रुपयांचा वटावही त्यास जड वाटतो. म्हणून अनेक ठिकाणी रोखीने घेणाऱ्यास दर सोडला जातो. अशा वेळी कार्डधारकास मिळालेले गुण सोडलेल्या दराहून कमी भरण्याचा संभव असतो.

गुणांचे मोल ठरविण्याचे गणित साधे आहे. शंभर रुपयांमागे चार गुण व प्रत्येक गुणाचे मोल २५ पैसे असल्यास परतावा एक टक्का होतो. वर्षभरात एक लाख रुपये खर्च करणाऱ्यास एक हजार रुपये मिळतील. वार्षिक शुल्क ५०० रुपये व त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ५९० रुपये वजा जाता निव्वळ लाभ ४१० रुपये उरतो. याच व्यक्तीने वीस हजार रुपयांची बाकी एक महिना थकविली व व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर व्याजाचे ७०० व त्यावरील कराचे १२६ असे ८२६ रुपये जातात. वर्षाचा लाभ महिन्यात नाहीसा होऊन वर तोटा येतो. शिवाय बाकी राहिल्यास नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सामान्यतः मिळत नाही.

लाभ वाढविण्याचे मार्ग मर्यादित आहेत. ज्या प्रकारच्या खर्चावर गुण अधिक, त्यासाठी तेच कार्ड वापरणे. शुल्क माफ होण्याची खर्चमर्यादा नेहमीच्या खर्चातच गाठणे. गुण वस्तूंसाठी न वापरता त्यांचे मोल अधिक असेल तेथे, बहुधा विमान किंवा हॉटेल योजनेत, वळविणे. त्यांची मुदत सांभाळणे आणि देयक पूर्णपणे व वेळेवर भरणे, हे त्यांतील प्रमुख होत. इंधन, घरभाडे अशा खर्चांवर अनेक बँका गुण देत नाहीत. गुणांसाठी अनावश्यक खरेदी केल्यास एक रुपया मिळविण्यासाठी शंभर रुपये खर्ची पडतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निदेशांनुसार न मागितलेले कार्ड देण्यास मनाई आहे. कार्ड बंद करण्याच्या विनंतीची सात कामकाजाच्या दिवसांत पूर्तता न झाल्यास, काही देणे बाकी नसेल तर, दररोज ५०० रुपये दंड ग्राहकास द्यावा लागतो.

प्रवासलाभ व स्थानिक मर्यादा : मैलांचा उपयोग प्रवाशाच्या गावाहून कोणती वाहतूक चालते यावर अवलंबून असतो. जळगाव येथून उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण ती टिकली नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीची सेवा आली व तीही खंडित झाली. २०२४ मध्ये फ्लाय नाइंटीवन या नव्या कंपनीने गोवा, हैदराबाद व पुणे यांच्याशी जळगाव जोडले. मोठ्या कंपन्यांचे मैल साठविणाऱ्या खानदेशवासीयास मात्र बहुधा मुंबई, नासिक किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. धुळे शहर लोहमार्गाने चाळीसगाव शाखेच्या टोकास आहे. तेथील प्रवासी प्रामुख्याने मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर या महामार्गांवर अवलंबून राहिला आहे. त्यामुळे भुसावळ–जळगाव पट्ट्यात विमानाच्या मैलांपेक्षा रेल्वे तिकिटांसाठीचे कार्ड अधिक उपयोगी पडते. तथापि भारतीय रेल्वे खानपान व पर्यटन महामंडळाच्या सहभागाने निघालेल्या अशा कार्डावर विशेष दराचे गुण वातानुकूलित वर्गांच्या तिकिटांवर ठेवलेले आहेत. शयनयान वर्गाने जाणाऱ्यास तो लाभ नाही.

मैलांची सुरक्षितता कंपनीच्या अस्तित्वाशीही निगडित असते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची मैलयोजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने गुण इतरत्र वापरण्याची वाट राहिली. परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी ते साठविले होते ती विमाने उरली नाहीत. पेढी बुडाल्यावर हुंडी बाळगणाऱ्याची जी स्थिती होई, तिची ही सौम्य आवृत्ती होती.

फेडीचे बक्षीस : खानदेशातील बहुसंख्य शेतकरी कुटुंबांस परिचित असलेले कार्ड वेगळे आहे. किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्याखालील अल्पमुदतीच्या पीककर्जावर केंद्र शासनाच्या साहाय्याने सात टक्के व्याज आकारले जाते व मुदतीत फेड करणाऱ्यास आणखी तीन टक्के सूट मिळून दर चार टक्क्यांवर येतो. ही बक्षिसी खर्चावर नव्हे, तर फेडीवर आधारलेली आहे. मात्र पाऊस चुकला किंवा कापूस, केळीचे भाव पडले, की मुदत टळते आणि ज्यास सवलतीची सर्वाधिक गरज त्याचीच ती हुकते.

जुन्या हुंडीव्यवहारात मुदत पाळणाऱ्याचे नाव वधारे. किसान कार्डावर वेळेवर फेडणाऱ्याचे व्याज उतरते. बक्षीसगुण मात्र खरेदीच्या क्षणी जमा होतात, फेड होवो अथवा न होवो. म्हणून त्यांचा लाभ दरमहा देणे चुकते करू शकणाऱ्या वर्गास होतो व त्याचा भार वटाव सोसणारा लहान दुकानदार, दुकानदाराने वाढविलेली किंमत देणारा रोखीचा गिऱ्हाईक आणि व्याज भरणारा थकबाकीदार यांच्यावर विभागला जातो. पतीची विषमता हे खानदेशच्या आर्थिक इतिहासातील जुने सूत्र या नव्या साधनातही टिकून आहे.