निकोडेमस : कॅन्ससच्या माळावरचे गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात सॉलोमन नदीच्या खोऱ्यात 1877 साली निकोडेमस हे गाव वसले. गुलामगिरीतून मुक्त झालेली केंटकीतील कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतःच्या जमिनीच्या आशेने येथे आली. एलिस या गावापर्यंत रेल्वे होती. पुढचा प्रवास पायी आणि गाड्यांतून करावा लागे. पोहोचल्यावर गाव दिसेना, दिसे तो केवळ जमिनीतून निघणारा धूर. उघड्या माळावर लाकूड दुर्मिळ, म्हणून लोक जमीन खोदून तिच्या पोटात राहत. हे पाहून काही कुटुंबे लगेच माघारी वळली. पहिल्या हिवाळ्यात धान्य संपत आले, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी दिलेल्या मांसाने अनेकांना तारले.

पुढे गावाचा जम बसला. चर्च, शाळा, दुकाने, हॉटेले आणि वृत्तपत्रेही निघाली. येथे राहिलेले एडवर्ड मॅकेब 1882 साली राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. रेल्वे येणार या भरवशावर गावाने कर्जरोखे मंजूर केले. पण 1888 साली लोहमार्ग नदीपलीकडून गेला आणि बरेच व्यापारी तिथल्या बोग या गावी गेले. 1930 च्या दशकातील दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उरलीसुरली वस्तीही विरळ केली. 1953 साली टपाल कार्यालय बंद झाले.

तरी दरवर्षी जुलैअखेर मुक्तिदिनाच्या उत्सवाला दूरदूरचे वंशज गावी जमतात. 1996 साली निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.