दोराची गाडी

'फ्युनिक्युलर' हा शब्द कळंबोलीच्या आमच्या घरात आला तो वणीच्या सप्तशृंगी गडामुळे. २०१८ साली गडावर ही गाडी सुरू झाली तेव्हा नातेवाइकांत कुणी तिला रोपवे म्हणे, कुणी लिफ्ट. खरं तर ती दोन्ही नव्हे. हिला रूळ असतात, पण गाडीत इंजिन नसतं. तारेचा जाड दोर तिला ओढतो. मूळ युक्ती रहाटाच्या दोन पोहऱ्यांची: एक डबा उतरतो, त्याच्या वजनाने दुसरा चढतो. यंत्राला ओढायचा तो फक्त दोघांतला फरक.

'देशातली पहिली' म्हणून तिचं बरंच कौतुक झालं. पण तमिळनाडूत पळनीच्या डोंगरावर अशी गाडी १९६६ पासून आहे... असो.

युरोपात ही गाडी देवासाठी नाही, शहरासाठी आली. फ्रान्समधल्या लियाँ शहरात १८६२ साली ती रेशीम विणकरांच्या टेकडीवर चढली. इस्तंबूलला १८७५ साली काराकॉय ते बेयोग्लू अशी बोगद्यातून धावू लागली, आणि ती आजही चालते. आपल्याकडे मात्र उंचावर देव राहतात, म्हणून गाडी तिथे गेली.

पण मला थांबवलं ते हाँगकाँगने. तिथली 'पीक ट्राम' १८८८ ची. त्याआधी साहेबलोक डोंगरावर माणसांनी उचललेल्या खुर्च्यांतून जात. ट्राम आली, खांदे सुटले, पण डब्यात तीन वर्ग आले: पहिला इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि डोंगरावरच्या रहिवाशांचा, तिसरा उरलेल्यांचा. आणि १९०४ साली कायदाच झाला की चिनी माणसाने त्या डोंगरावर राहायचं नाही. तो १९४६ मध्ये रद्द झाला. म्हणजे दोर दोन्ही डबे सारखेच ओढत होता, भेद बसवणाऱ्यांनी केला होता.

आपल्याकडे भांडण निराळं. 'पायऱ्या चढल्याशिवाय कसलं दर्शन?' असं म्हणणारे आमच्या घरातही आहेत. गडावरच्या गावापासून देवीपर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या. पण त्या पायऱ्या काही डोंगराबरोबर उगवल्या नाहीत. अठराव्या शतकात सेनापती दाभाड्यांच्या घरातल्या उमाबाईंनी बांधल्या म्हणतात. त्याआधी लोक कडा धरून, झाडं धरून चढत असणार. तेव्हाही कुणी म्हणालं असेल, "आता काय, सगळं सोपं झालं!"

आमची एक आत्या कितीतरी वर्षं पहिल्या पायरीशीच बसून राहायची. बाकीचे वर जात, ती तिथूनच शिखराकडे बघून हात जोडायची. गुडघे साथ देत नव्हते, आणि कुणाच्या पाठीवर बसायला ती तयार नव्हती. गाडी झाल्यावर ती वर गेली. देवीसमोर काय मागितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "मागायचं काय? बघून आले."

गाडीला तिकीट आहे, म्हणजे कुणीतरी अजूनही खालीच राहत असेल, हेही खरं. पण डोंगरावरच्या कुठल्याही सोयीचा हिशेब मी आता असाच मांडतो. किती मिनिटं वाचली ते नंतर. आधी पाहायचं, पहिल्या पायरीशी बसलेल्यांपैकी किती जण वर पोचले.