अडीच किलोच्या बाळाची चरबी

माणिकपूर, 2025. लॅबच्या पायऱ्या उतरता उतरता तुम्ही रिपोर्ट पुन्हा वाचता. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन 58 किलो, हात-पाय काटकुळे, फक्त शर्ट पोटावर ताणलेला. शेजारच्या मेडिकलमधून कुणीतरी टिर्झेपेटाइडचं इंजेक्शन घेऊन निघालंय. आठवड्यातून एकदा घ्यायचं, भूक मंदावणारं हे औषध याच मार्चमध्ये भारतात आलं. पण तुम्ही तर जाड नाही! मग साखर वाढली कशी? त्यासाठी 31 वर्षं मागे जायला हवं.

1994. पुण्याजवळच्या एका खेड्यात चुलीच्या धुराने तुमचे डोळे चुरचुरतात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं पथक गेल्या वर्षापासून अशा सहा गावांत गरोदर बायकांची नोंद ठेवतंय. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो. शेतातलं काम, पाणी, धुणं, सगळं पोटातल्या बाळासकट चालू. ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं जास्त भरलेली निघतील, हे पुढे याच नोंदींतून कळणार आहे.

"ताई, लई बारीक हाय का वो लेकरू?" बाळंतीण विचारते.

जन्मानंतरच्या 72 तासांत मापं घ्यायची असतात. काटा अडीच किलो दाखवतो. दंड सुतळीसारखा. मग पथकातल्या ताई बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, कातडी चिमटीत धरून जाडी मोजायचा कॅलिपर लावतात. तुम्ही वाकून बघता: इथे चरबी आहे! इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची, इथली 2.7. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून. याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन लेप्टिनचं जनुक शोधतात. लेप्टिन म्हणजे चरबीतून निघून मेंदूला भुकेचा हिशेब देणारं संप्रेरक. पुढे पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात ते लंडनच्या गुटगुटीत गोऱ्या बाळांइतकंच सापडतं, आणि इन्सुलिन तर त्यांच्यापेक्षा जास्त.

2004 मधलं लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक उघडा. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. युडकिनच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. नुसता वजनकाटा बघून "तब्येत उत्तम" म्हणणं किती घातक, हे या एका फोटोइतकं नेमकं मला कुठेच सापडलं नाही. तुमचा 58 किलोचा आकडाही तसाच फसवा आहे.

आता 2012. त्याच गावांत चला. ती बाळं मिसरूड फुटायच्या वयाची झालीत. त्यांच्या आयांपैकी निम्म्याहून जास्त जणींना गरोदरपणी बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं होतं. ज्या आयांचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी शरीरं दिसली होती. म्हणून आता याच पोरांवर, ती आईबाप व्हायच्या आधीच, प्रयोग सुरू होतोय: काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-12, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं, काहींना तुलनेसाठी औषधाविना कॅप्सूल. लग्न करून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलींना तर या कॅप्सूल आहेतच, पण रांगेत मुलगेही आहेत. होणाऱ्या बाळाचं शरीर घडवायला बापालाही आधीपासूनच धरायचं, असं पथकाने ठरवलंय.