कान्हेरीची वाट: एका डोंगरावरचे दोन हजार वर्षांचे पाहुणे

#धागा

बोरिवली स्थानकापासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेल्या कान्हेरीच्या डोंगराविषयी एक समज रूढ आहे. रानात सहलीला जाणे, मुक्काम ठोकणे, लेणी पाहत हिंडणे ही सारी इंग्रजांनी लावलेली सवय, असा तो समज. डोंगरावरचे शिलालेख मात्र वेगळेच सांगतात.

कान्हेरीचे प्राचीन नाव कण्हसेल, म्हणजे कृष्णशैल. येथील शंभरांहून अधिक लेणी प्रामुख्याने भिक्षूंच्या वर्षावासासाठी खोदली गेली. पावसाळ्यात भटकंती थांबवून एके ठिकाणी राहावे, असा संघाचा नियम होता. बहुतेक विहारांशेजारी पाण्याचे टाके आहे. प्राकृत लेखांत त्याला ‘पाणियपोढी’ म्हणतात. असे एक टाके कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिले. त्याच कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचे दान याहूनही लक्षवेधी आहे. त्याने दिली ती वाट. लेणे नव्हे, मूर्ती नव्हे, चालायची पायवाट! चढणाऱ्याच्या पायांचा विचार करणारा दाता विरळाच.

त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी त्या डोंगरावर वेगळेच पाहुणे आले. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील तीन लेख आहेत. ते उभ्या ओळींत कोरलेले आहेत. त्यांत येथे आलेल्या जरथुश्त्री मंडळींची नावे, त्यांच्या वडिलांची नावे आणि यज्दगर्दी सनातील तारखा आहेत. आजच्या गणनेनुसार त्या तारखा १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१ अशा येतात. तिन्ही तारखा पावसाळा सरल्यानंतरच्या आहेत. ओढे उतरलेले, टाकी भरलेली, रान हिरवे आणि ऊन सोसवणारे, असा हा काळ. भिक्षूंचा मुक्काम पावसातला, पाहुण्यांची फेरी पावसानंतरची. त्यांनी तेथे काही दान दिल्याची नोंद नाही. आलो, पाहिले, नावे लिहिली, एवढाच मजकूर. आज भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना आपण दूषणे देतो आणि ती दिलीच पाहिजेत. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील जरथुश्त्री मंडळींच्या वावराचा एक समकालीन पुरावा अशाच नावे कोरण्याच्या हौसेतून हाती आला, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा. हे लेख वाचून प्रसिद्ध केले ते एडवर्ड वेस्ट यांनी, १८८० मध्ये.

पोर्तुगीज काळात, १६७५ मध्ये, इंग्रज वैद्य जॉन फ्रायर कान्हेरी पाहून गेला. साष्टी मराठ्यांकडे असताना, १७६० च्या अखेरीस, फ्रेंच अभ्यासक आंकेतिल-द्युपेरों येथे आला. सुरतेच्या दस्तुरांकडून अवेस्ता आणि पहलवी शिकण्यासाठी तो भारतात आला होता. त्याने कान्हेरीची लेणी एकेक करून पाहिली आणि त्यांचे वर्णन १७७१ मध्ये छापलेल्या आपल्या ‘झेंद-अवेस्ता’च्या पहिल्या खंडात दिले.

पुढे इंग्रजी अंमलात, १८०५ मध्ये, शीवचा बांध पूर्ण झाला आणि मुंबई बेटावरून साष्टीत येण्यासाठी होडीची गरज उरली नाही. बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये येथे आला. त्याचे प्रवासवर्णन १८२८ मध्ये निघाले, पण ते पाहायला तो हयात नव्हता. १८२६ मध्ये त्रिचनापल्लीला स्नानकुंडात उतरला असताना त्याचा मृत्यू झाला होता.

डोंगराचे खरे रूपांतर मात्र पर्यटकांनी नव्हे, तर शहराच्या तहानेने केले. १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला, १८७९ मध्ये तुळशी. पिण्याचे पाणी म्हटल्यावर तेथे डुंबणे निषिद्ध ठरले. विहारच्या पाण्यात मगरीही आहेत, तेव्हा हा नियम पाळणे फारसे जड जाऊ नये. पाण्यासाठी राखलेले पाणलोटाचे रान त्यामुळे तोडीपासून पुष्कळसे बचावले. १९२९ मध्ये विहारजवळ वाघ मारला गेल्याची नोंद आहे. बिबट्या मात्र आजही टिकून आहे.

या साऱ्या कथेत एक वर्ग जवळजवळ अदृश्य राहतो. पाहुण्यांची नावे दगडावर आणि पुस्तकांत उरली, पण रानाची वाट ज्यांच्या पायाखालची होती, त्या वारली आणि इतर आदिवासींची नावे या वर्णनांत सापडत नाहीत. त्यांचे पाडे आजही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा झोपडपट्ट्यांबरोबर या पाड्यांच्या हक्काचाही प्रश्न उभा राहिला. अतिक्रमण कोणाचे आणि वहिवाट कोणाची, हा वाद त्यानंतरही मिटलेला नाही.

मुक्कामासाठी खोदलेल्या या लेण्यांत आता रात्री कोणालाही राहता येत नाही. दिवस मावळण्यापूर्वी पाहुण्यांना डोंगर उतरावा लागतो. टाकी मात्र आजही दर पावसाळ्यात भरतात.