रुमाल, रोजकीर्द आणि तबकडी



अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना वाटेत चिखलोली लागते. तेथील शेतकऱ्याने आज सातबाऱ्याचा उतारा मागितला, तर तो बहुधा तलाठ्याच्या पेटीतून निघत नाही. दूरच्या सर्व्हरमधून, म्हणजे अनेकांची दप्तरे सांभाळणाऱ्या संगणकातून येतो. जमीन कोणाची, ह्याचा पुरावा आता तबकडीच्या व्यवस्थेवर येऊन ठेपला आहे. व्यवस्था नवी खरी. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही.

पुण्याच्या पेशवे दप्तरात ३४,९७२ रुमाल असल्याची गणना आहे; त्यांपैकी मराठीचे २७,३३२. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे फडके. एवढ्या गाठोड्यांतून हवा तो कागद सापडावा कसा? पेशवाईतील कारकुनांनी ह्याची युक्ती योजिली होती. दिवसभराचा जमाखर्च घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचा आणि मागाहून तीच कलमे ज्या त्या खात्याखाली घडणीत उतरावयाची. शोधावयाचे ते घडणीत. शंका आल्यास मूळ रोजकीर्द पाहावयाची.

ह्या शिस्तीचे मोल पुढे प्रत्ययास आले. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने हक्कांची छाननी आरंभिली, तेव्हा दावे ह्याच दप्तराशी ताडून पाहिले गेले. ज्यांचा पुरावा मान्य झाला नाही, त्यांची इनामे गेली. कागद सापडणे किंवा न सापडणे, ह्यावर घराण्यांचे भवितव्य ठरले. पुढे १९३० ते १९३४ ह्या काळात गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी ह्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, तेही कोणीतरी हे रुमाल जपून ठेविले होते म्हणूनच.

आता तबकडीकडे वळू. १९५६ साली आयबीएम कंपनीने फिरत्या तबकड्यांचे पहिले साठवणयंत्र बाजारात आणिले. पन्नास तबकड्यांच्या त्या अवाढव्य यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स प्रणाली रचिली. तिच्यात मजकूर एकीकडे आणि तो कोठे आहे, कोणाचा आहे ह्याची नोंद दुसरीकडे, अशी विभागणी होती. म्हणूनच एक चमत्कार घडू शकतो: तबकडीवर जागा शिल्लक असते, पण नोंदवहीतील ओळी संपतात, आणि नवी फाइल ठेविता येत नाही. लहान लहान फाइलींची रास पडली की हे हमखास होते.

दुसरे संकट विजेचे. नोंद अर्धी लिहिली असता वीज गेली तर? ह्यावर रोजकीर्दीचाच उपाय सापडला. २००१ साली लिनक्स प्रणालीत रुजू झालेली एक्स्ट३ ही फाइलव्यवस्था नोंदवहीतील बदल आधी रोजकीर्दीसारख्या वहीत क्रमाने टिपते आणि मग जागच्या जागी उतरविते. वीज परतली की ती वही वाचून राहिलेले काम पुरे करावयाचे. पेशव्यांच्या फडाचे हे अनुकरण नव्हे. एकाच अडचणीने दोन्हीकडे सारखीच वाट दाखविली, इतकेच.

तिसरे संकट गाळाचे. चिखलोलीजवळ धरण आहे. कोणत्याही धरणात गाळ साचला की पाण्याची जागा कमी होते, आणि वरून पाहणाऱ्यास ते कळत नाही. सर्व्हर आपल्या हालचालींच्या टिपणवह्या अहोरात्र लिहीत असतो. तोच त्याचा गाळ. वेळच्या वेळी जुन्या वह्या दाबून बांधणे व मुदतीनंतर काढून टाकणे हे व्यवस्थापकाचे नित्यकर्म होय. ते चुकले तर तबकडी भरते आणि ऐन कामाच्या वेळी नवी नोंद नाकारली जाते.

शेवटचे संकट अग्नीचे. १८२८ साली शनिवारवाडा जळाला. एकाच इमारतीत दोन नकला असत्या, तरी दोन्ही एकदमच गेल्या असत्या. पुष्कळ तबकड्या जोडून एकीची उणीव दुसरीने भरून काढण्याची पद्धत १९८८ पासून रूढ झाली. पण ती यंत्र बिघडल्यास तारते, घर जळाल्यास नव्हे. म्हणून एक नकल दुसऱ्या गावी ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे मधूनमधून उघडून पाहावे.

चिखलोलीच्या शेतकऱ्यास ह्यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला उतारा हवा असतो, आणि तो मिळावा एवढीच दप्तरदाराची कसोटी. मग दप्तर रुमालात असो की तबकडीवर.